सहदेवाच्या रांगेतलं चौथं झाड

अकोल्याच्या वेशीपासून पाऊण कोसावर, मोर्णेच्या काठी सूर्यभान माळ्याचा मळा होता. विहीर त्याच्या बापानं खणलेली. सोळा हात खोल, त्यातले शेवटचे चार हात काळ्या खडकातून. तेव्हा सूर्यभान बारा वर्षांचा होता. खडक फोडताना उडालेल्या कपचीची खूण त्याच्या डाव्या भुवईवर जन्मभर राहिली. ती तो कुणाला दाखवत नसे, पण विहिरीचं नाव निघालं की त्याचा डावा हात आपसूक भुवईवर जाई. तो डावखुरा होता. कुदळ, खुरपं, विळा, सगळं डाव्या हातानं चाले.

उन्हं वर यायच्या आत त्याचं तीस मोटा पाणी ओढून झालेलं असे. वाफे पाडताना तो दोरी लावत नसे. दोरी लावून वाफा पाडणारा माणूस त्याच्या हिशेबी माळीच नव्हता. डोळ्यानं पाहायचं, पाऊल टाकायचं आणि ओढत जायचं. त्याचा वाफा बोटभरही वाकडा जात नसे. त्याची मेथी बाजारात दुसऱ्या कुणाच्या मेथीशेजारी ठेवली, तर दुसऱ्याची जुडी सकाळची असूनही कालची दिसे. गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन यायचं. हीच त्याची मिळकत, हाच त्याचा मान, आणि चाळीस वर्षांचा होईपर्यंत त्यात कुणी वाटेकरी नव्हता.

वाटेकरी आला तो घरातूनच आला. अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. शेतकऱ्यांनी ज्वारीच्या रानात कापूस घातला. गाडीवान, हमाल, सरकी काढायचे रेचे फिरवणाऱ्या बाया, दलाल, सगळे अकोल्याकडे लोटले. एवढ्या माणसांना भाजी लागते. सूर्यभानच्या बायकोची, सुभद्राची, धाकटी बहीण जमुना अंजनगावला दिलेली होती. तिचा नवरा सहदेव जातीचा माळीच, पण स्वतःचं रान नसलेला. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या पानमळ्यात नागवेली बांधल्या होत्या. तोही बायकोला घेऊन अकोल्याला आला आणि सूर्यभानच्या मळ्याला लागून असलेली केशवराव पाटलाची पट्टी खंडानं घेऊन बसला. त्या पट्टीचा विहिरीत पहिल्यापासून अर्धा हक्क होता. म्हणजे बापानं खणलेल्या विहिरीवर आता निम्मा दिवस साडूची मोट.

वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. सूर्यभाननं त्याला भाऊ मानलं नाही. तसं तोंडानं तो वाईट बोलला नाही. पहिल्या दिवशी त्याला वांग्याची रोपं दिली, मोटेच्या नाड्याला गाठ कशी मारायची ते दाखवलं. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं, की सहदेव वाफे पाडताना दोरी लावतो. सुभद्राला तो हसून म्हणाला, पानमळ्यातल्या माणसाला दोरी लागतेच. वेल चढवायला दोरी, वाफा पाडायलाही दोरी.

सुभद्रा म्हणाली, "लावू द्या ना. तुमची तं नेली नाई त्यानं."

पंधरा दिवसांनी सूर्यभान हसायचा थांबला. मोटेला दोघांच्याही पाळीत सूर्यभानचेच बैल असत, आणि ते सहदेवाच्या पाळीत न हाकलता चालायचे. सूर्यभान त्यांना शिव्या देऊन चालवी. सहदेव नुसता मागं चालत काहीबाही गुणगुणे आणि बैल उताराला लागत. एक दिवस सूर्यभाननंही गुणगुणून पाहिलं. बैलांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि जागेवरच उभे राहिले.

त्याच सुमारास गाडीवाटेच्या पलीकडं, मळ्यांच्या पश्चिमेला, एका सेठनं कापसाच्या गाठी बांधायचा पेच उभा केला. आधी तो माणसांच्या जोरावर चाले. मग वाफेचं यंत्र आलं. त्याचे भाग बैलगाड्यांवर लादून आणले, एकेका गाडीला आठ आठ बैल. धुराडं उभं राहिलं. पहिल्या साली त्यात लाकूड जळे. मग रेल्वे आली, रेल्वेबरोबर दगडी कोळसा आला, आणि धूर काळा झाला.

होळीनंतर वऱ्हाडात वारा पश्चिमेचा सुटतो. नेमक्या त्याच दिवसांत पेच जोरात चाले. धुराबरोबर काजळी यायची, गाडीवाटेची धूळ यायची आणि वर कापसाची तूस. तूस ओल्या पानाला चिकटायची, धूळ तुसाला आणि काजळी धुळीला. मेथीचं पान अंगठ्यानं पुसलं की अंगठा काळा. बाजारातल्या बाया आता जुडी नाकाशी न नेता आधी अंगठा फिरवून पाहू लागल्या. सूर्यभानची मेथी पहिल्यांदा परत घरी आली. दुसऱ्या आठवड्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, परत आला. माळ्याचा सांबार संध्याकाळी परत येणं म्हणजे काय, ते माळ्यालाच कळतं. सूर्यभाननं ती टोपली बैलांपुढं ओतली आणि त्या दिवशी कुणाशी बोलला नाही.

लोक म्हणाले, मळा सोड, नदीच्या वरच्या अंगाला बार्शीटाकळीकडं जा. तिथं जमीन मिळते. सूर्यभानचा हात भुवईवर गेला. विहीर काही डोक्यावर उचलून नेता येत नाही. धूर थांबला नाही तर विहीर सोडावी लागणार, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्यानं कूड घातला. तुराट्या आणि पऱ्हाट्या उभ्या बांधून, वर शेणमातीनं लिंपून, पश्चिमेच्या बांधावर पुरुषभर उंच आणि साठ पावलं लांब. नऊ दिवस लागले. एक फट राहू दिली नाही. कूड इतका सफाईदार झाला की रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून पाहत. सहदेवही येऊन पाहून गेला. त्यानं कुडाला हात लावला, वर पाहिलं आणि म्हणाला, "काम चांगलं हाय. पन वारा आडवला तं तो वरून उडी मारते, सूर्यभानभाऊ. पानमळ्यात आमी वारा आडवत नाई. गाळतो."

सूर्यभान म्हणाला, "पानमळा अंजनगावात. हे अकोला हाय."

वारा वरून उडी मारूनच आला. कुडावरून उसळायचा आणि अलीकडं दहा पावलांवर, बरोबर मेथीच्या वाफ्यांत, सगळी काजळी टाकायचा. कुडाआधी जेवढी पडत होती, त्याहून जास्त. सूर्यभाननं वाफे मागं सरकवले, मग आणखी मागं. शेवटी कूड फोडून जाळला. ती पऱ्हाटी चुलीला दीड महिना पुरली.

सहदेव त्या उन्हाळ्यात एक वेडेपणा करत होता. दुपारी मोट सुटली की पेचाभोवती आणि गाडीवाटेनं फिरायचा. दिसेल त्या झाडाचं पान अंगठ्यानं पुसायचा, उलटून पाहायचा, चुरगळून वास घ्यायचा. पेचावरचे हमाल त्याला पानवाला म्हणू लागले. आंब्याच्या आणि जांभळाच्या पानांची टोकं करपलेली होती. शेवग्यानं पानंच टाकून दिली होती. करंजाचं, कडुनिंबाचं, उंबराचं पान वरून काळंकुट्ट, पण पुसलं की खाली हिरवंगार. ही तीन झाडं काजळी खाऊन जगतात, एवढं त्यानं हेरलं. मृग लागला तसा तो अंजनगावला गेला आणि गाडीभर रोपं घेऊन आला.

त्यानं पश्चिमेच्या बांधावर तीन रांगा लावल्या. सगळ्यांत बाहेर शेवरी, कारण ती चार महिन्यांत डोक्याच्या वर जाते. मधे करंजाची रांग, आत कडुनिंब. उंबर एकच, कोपऱ्यात. सगळ्या रांगा दोरी लावून. झाडांना रोज पाणी नाही, आठ दिवसांनी एकदा, पण तेव्हा खूप. आणि उन्हाळ्यात दर अमावास्येला आणि पुनवेला तो आणि जमुना मिळून पानं धूत. तुंब्यानं पाणी मारत, वरून खाली. ज्या पानावर धूळ साचली ते पान आणखी धूळ धरत नाही, असं त्याचं म्हणणं. बाजारात लोक हसले. झाडाला अंघोळ घालणारा माळी कुणी पाहिला होता?

दुसऱ्या साली होळीनंतर जमुनाची टोपली बाजारात दुपारच्या आत रिकामी झाली. सूर्यभाननं ते समोरच्या ओळीत बसून पाहिलं. बाया जमुनाच्या मेथीवर अंगठा फिरवत, अंगठा पाहत आणि घेत. त्यातल्या तीन बाया आधी त्याच्याकडं येणाऱ्या होत्या. त्यांची नावंही त्याला माहीत होती.

त्या संध्याकाळी सुभद्रानं ताटात मेथीची भाजी वाढली. सूर्यभाननं घास घेतला. दाताखाली कचकच आली नाही. तो थांबला.

"मेथी कोनाची?"

"जेवा तं आधी."

"कोनाची, सांग."

"बहिणीनं दिली," सुभद्रा म्हणाली. "आपली तीनदा धुतली तरी काळीच. लेकरांले काय काजळ खाऊ घालू?"

त्यानं भाजी बाजूला सारली आणि ज्वारीची भाकर मिठाशी खाल्ली. सुभद्रानंही आग्रह केला नाही. तिनं ती भाजी उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि त्याच्यासमोर बसून पूर्ण खाल्ली.

त्या वर्षी मृगात सूर्यभाननं झाडं लावली. सहदेवाला विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती? बांधाच्या या बाजूनं सगळं दिसत होतं. करंज किती, निंब किती, अंतर किती, ते त्यानं मोजून ठेवलं. रोपं मोर्णेच्या काठावरून उपटून आणली, अंजनगावच्या रोपांपेक्षा जाड. सहदेवाचे खड्डे दोन हात खोल होते, यानं तीन हात खणले. भरायला नदीकाठचा गाळ आणला, लोण्यासारखा काळा, त्यात मुरलेलं शेणखत. सहदेवाच्या खड्ड्यांत त्यानं काहीतरी तांबूस पडलेलं पाहिलं होतं, पण ते खणताना वर आलेलं असेल असं समजून सोडून दिलं होतं. स्वतःच्या खड्ड्यांत त्यानं एक खडासुद्धा राहू दिला नाही. हातानं चाळून भरले. अकोल्याच्या काळ्या जमिनीसारखी जमीन त्रिभुवनात नाही, असं त्याचा बाप म्हणे, आणि त्या जमिनीत आणखी काळी माती घातली तर झाड राजासारखं वाढेल, यात त्याला शंका नव्हती.

दिवाळीपर्यंत वाढलंही. सहदेवाच्या झाडांना आधीचं एक वर्ष मिळालं होतं, तरी सूर्यभानची त्यांच्या खांद्याला लागत होती. त्या चार महिन्यांत सूर्यभान पुन्हा माणसांशी बोलू लागला. जमुना बांधावरून जाताना म्हणाली, भाऊजींचा हात भारी आहे. त्यानं तेही कुठंतरी जपून ठेवलं.

मग वैशाख आला. काळी जमीन तापली की फाटते. हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा, अशा भेगा पडतात. सूर्यभानच्या रांगेत एकेक झाड पिवळं पडू लागलं. त्यानं पाणी वाढवलं. पाणी भेगेतून खाली निघून गेलं. त्यानं भेगा मातीनं बुजवल्या. चार दिवसांत बाजूला नव्या पडल्या. अठरांपैकी अकरा झाडं मेली. आणि बांधाच्या पलीकडं, त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात, काळी पडलेली पण जिवंत, सहदेवाची रांग उभी होती.

सूर्यभानच्या मनात आलं, सहदेव काहीतरी लपवतो. दुसरं काही कारण असूच शकत नाही. कष्टात तो कमी पडला नव्हता. तीन हात खड्डे त्याचे होते, जाड रोपं त्याची होती. जिथं कष्ट जास्त तिथं पीक जास्त, एवढाच न्याय त्याला माहीत होता, आणि तो न्याय त्याच्या डोळ्यांदेखत खोटा पडत होता. तेही दोरी लावून वाफा पाडणाऱ्या माणसाकडून.

मंगळवारी सहदेव आणि जमुना दोघंही बाजाराला गेले. भर दुपार होती. सूर्यभान कुदळ घेऊन बांध ओलांडून गेला. त्यानं रांगेतलं चौथं करंज निवडलं. तिथं शेवरी दाट होती, रस्त्यावरून दिसत नव्हतं. त्याला झाड मारायचं नव्हतं. मुळाशी काय घातलंय ते पाहायचं होतं, एवढंच. जमीन दगडासारखी झालेली. त्यानं बेतानं दोन घाव घातले. ढेकूळ सुटलं, पण दिसेना काही. तिसरा घाव त्यानं रागानं घातला.

कुदळ कशात गेली ते त्याला हातातच कळलं. ओलं, चिवट काहीतरी तुटल्यासारखं. सोटमूळ आरपार कापलं गेलं होतं. चाळीस वर्षांच्या हातात असं कधी झालं नव्हतं.

मुळाभोवती तांबडा मुरूम होता. मुरूम आणि वाळू, निम्म्याहून जास्त. काळी माती नावाला. मुरूम फाटत नाही. भेग खड्ड्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली त्याला दिसली. इतकं साधं होतं. काळ्या जमिनीत मुरूम घालणं म्हणजे दुधात माती कालवणं, असं समजून ज्या गोष्टीकडं त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं, तीच. त्यानं माती परत लोटली, पायानं दाबली, वर पाला पसरला आणि घरी आला. हात धुतले. कुदळही धुतली.

आठ दिवसांत चौथ्या करंजानं पानं टाकली. रांगेत भोक पडलं, आणि त्या भोकातून आलेल्या काजळीचा पट्टा सहदेवाच्या मेथीवर रोज सकाळी दिसू लागला. सूर्यभान मोट हाकताना तिकडं पाहत नसे. पण मान दुसरीकडं ठेवायलाही जोर लागतो, आणि तो त्याला त्या दिवसांत कळला.

पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाली तेव्हा सहदेवानं ते झाड उपटलं. सूर्यभान विहिरीवरून पाहत होता. सहदेवानं मूळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं, अंगठा फिरवला, जसा तो पानांवर फिरवे तसा. मग झाड बांधावर टाकलं आणि सरळ सूर्यभानकडं आला. सूर्यभाननं मोटेचा नाडा घट्ट धरला.

सहदेव म्हणाला, "भेगेनं गेलं असंल."

भेगेनं तुटलेलं मूळ कसं असतं आणि कुदळीनं कापलेलं कसं असतं, हे माळ्याच्या पोराला कळतं.

सहदेव पुढं म्हणाला, "आमच्या घरची एक रीत हाय, सूर्यभानभाऊ. मेलेल्या झाडाच्या जागी त्याच हातानं लावत नाई. दुसऱ्याचा हात लागते. तुमी लावून द्या."

हा आपल्याला पकडतोय, की खरंच रीत सांगतोय, हे सूर्यभानला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो म्हणाला, लावतो.

मुरूम कुठून आणायचा? सहदेवाच्या दारात ढीग होता, तो तर त्याला नको होता. रेल्वेच्या भरावासाठी एक टेकाड खोदलं होतं, दीड कोसावर. सहदेवानं तिथून गाढवांवरून आणला होता. गाढवं सांगितली असती तर अकोलाभर झालं असतं, की सूर्यभान माळी साडूचं पाहून मुरूम वाहतो. तो पहाटे उठून डोक्यावरून आणू लागला. एका टोपल्याला एक खेप, जाऊन येऊन तीन कोस. सात टोपली. सातव्या खेपेला मानेचा काटा ढिला झाल्यासारखा वाटला, पण त्यानं मुरूम खड्ड्यापाशी हातानं चाळला, जाड खडा वेगळा, बारीक वेगळा. खाली जाड, वर बारीक, मधे वाळू, कडेला गाळाचा बोटभर फेर. सहदेवानं सगळं एकत्र कालवलं होतं. मग त्यानं आपल्या उरलेल्या सातांतलं सर्वांत चांगलं करंज मातीच्या गोळ्यासकट काढलं आणि सहदेवाच्या रांगेत, चौथ्या जागी लावलं. दोरी लावली नाही. झाड बरोबर रेघेत बसलं.

वाईट लावणंही त्याच्या हातात होतं. ते कुणाला कळलंही नसतं. पण त्याला सहदेवाच्या रांगेत सहदेवापेक्षा चांगलं झाड उभं करायचं होतं. एवढ्याच एका इच्छेनं त्यानं एकवीस कोस पायपीट केली.

नंतर त्यानं आपल्या रांगेसाठीही मुरूम वाहिला. मेलेल्या अकरा झाडांचे आणि काढलेल्या करंजाचा, असे बारा खड्डे पुन्हा उघडले आणि नवी रोपं लावली. सुभद्रा एकदा म्हणाली, "गाढवं सांगा ना. मान मोडून घ्याल." त्यानं ऐकलं नाही. रोज दोन खेपा, दीड महिना. झाडं धुवायलाही तो शिकला, आणि सहदेव पंधरा दिवसांनी धूत असे म्हणून हा दहा दिवसांनी धुऊ लागला. दोन वर्षांत त्याच्याही रांगेनं वारा गाळायला सुरुवात केली. मेथी बाजारात दुपारपर्यंत राहायची, पण परत यायची नाही. बार्शीटाकळीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. विहीर राहिली.

तरी सूर्यभान सुखी झाला नाही. कारण सगळ्या झाडांत उंच, दाट आणि गडद झालं ते चौथं करंज. त्याची सावली दोन वाफे पडायची. गाडीवान त्याच्याखाली बैल सोडत. लोक म्हणत, सहदेवाचं करंज पाहा. सहदेवाच्या झाडाखाली भेटू. सूर्यभानच्या कानावर ते रोज पडे. ते झाड माझं आहे, असं म्हणायला त्याची जीभ वळवळे. पण लोक विचारणार, तुझं झाड त्याच्या रांगेत कसं? मग आधीचं झाड कसं मेलं तेही आलं. तो गप्प राही. आपल्या हातचं सगळ्यांत चांगलं काम दुसऱ्याच्या नावावर उभं आहे आणि आपणच ते तिथं लावलं, हा जाच त्यानं चार हंगाम सोसला.

मग एक दिवस सेठच्या पेचावरचा मुनीम, पंजाबराव, मळ्यावर आला. पेचाच्या आवारात कापसाचे ढीग उघड्यावर पडत आणि गाडीवाटेची धूळ त्यांच्यावर बसे. घेणारे कुरकुर करत. हमालांच्या झोपड्यांतही धुरानं खोकला होता, पण मुनीम बोलला ते धुळीबद्दल. त्याला आवाराभोवती अशाच रांगा हव्या होत्या, दीडशे झाडं. तो फिरत फिरत चौथ्या करंजापाशी थांबला. पान पुसून पाहिलं.

"हे कुणी लावलं?" त्यानं विचारलं.

सूर्यभान बांधाच्या अलीकडं उभा होता. त्यानं तोंड उघडलं. पण आधी सहदेव बोलला.

"हे माह्या साडभाऊनं लावलं. बाकीचे मी."

मुनीम म्हणाला, मग सगळीच त्याच्याकडून का नाही लावून घेतली? सहदेव हसला. म्हणाला, आवाराचं काम द्यायचं असेल तर साडभाऊलाच विचारा, हात त्याचा आहे, मी मदतीला येईन. मुनिमानं सूर्यभानला विचारलं. सूर्यभान हो म्हणाला.

इतकी वर्षं जे ऐकायला त्याचे कान तरसले होते, ते चारचौघांत बोललं गेलं होतं. आणि ते सहदेवानं दिलं होतं, फुकट, हसत. सूर्यभानला ते गिळता येईना. मुनीम गेल्यावर तो तसाच विहिरीवर गेला. सहदेवाची पाळी होती. बैल उताराला लागले होते. मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली, तेव्हा सूर्यभान बोलला.

"चवथं झाड मी मारलं होतं."

सहदेवानं बैल थांबवले. "मालूम हाय मले."

"कवापासून?"

"उपटलं तवापासून. भेगेनं तुटलेल्या मुळाच्या झिंज्या होतात. ते सपाट होतं. अन् घाव डावीकडून आलेला. ह्या शिवारात डावखोरा मानूस कितीक हायेत?"

"मंग बोलला कावून नाई? रीतबीत सांगत बसला."

"रीत खरीच हाय," सहदेव म्हणाला. "अन् बोललो असतो तं भांडन झालं असतं. मले झाड पाह्यजे होतं." मग म्हणाला, "तुमी मले मुरमाचं विचारलं असतं, तं मी पह्यल्याच साली सांगितलं असतं. पन तुमी मले कधी काई विचारलंच नाई, भाऊ. मी आलो तवा नाड्याची गाठ तुमीच शिकवली. म्या विचारली म्हणून."

सूर्यभानची नजर थारोळ्यातून सहदेवाच्या पाटावर गेली.

"पाटाले उतार कमी हाय तुया," तो म्हणाला. "दोन बोटं खाली घे. पानी जिरून राह्यलं."

"दाखवा बरं कुठं."

सूर्यभान खाली उतरला, पाटाशी पडलेलं सहदेवाचं फावडं घेतलं आणि पाट दोन बोटं खाली घेऊन दिला. त्यात तासभर गेला. सहदेवानं तेवढ्या वेळात दहा मोटा ओढल्या. बैल न हाकलता चालत होते. सूर्यभाननं त्या मोजल्या.

मृगाच्या आधी दोघंही पेचाच्या आवारात खड्डे खणायला गेले. दोन हात खोल, दोन हात रुंद, मुरूम गाढवांवरून. डोक्यावर धुराडं, पायाखाली तूस. सहदेवानं दोरी लावली, सूर्यभाननं लावली नाही, आणि दोन्ही रांगा सारख्याच सरळ गेल्या.

पहिल्या दिवशी सूर्यभाननं अकरा खड्डे खणले. सहदेवानं बारा.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान दिवस उगवायच्या आधीच जाऊन पोचला. सहदेव तिथं कुदळीला दांडा बसवत बसला होता.